टायटॅनियमवरचा कायटोसॅनचा थर सलाईनमध्ये सुटतो, कारण काय?

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. हाडात बसवायच्या टायटॅनियम स्क्रूवर कायटोसॅनचा (कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढलेल्या पॉलिमरचा) थर द्यायचा आहे. नेमकं उत्तर मिळावं म्हणून मोजमापं आधीच देते.

धातू: टीआय-६एएल-४व्ही (ॲल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेलं टायटॅनियम). १० मि.मी. व्यासाच्या चकत्या आणि ३.५ मि.मी.चे स्क्रू. चकत्या १२०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासलेल्या. नंतर ॲसिटोन, अल्कोहोल आणि पाणी, अल्ट्रासोनिकमध्ये प्रत्येकी १० मिनिटं.

द्रावण: १ टक्का ॲसेटिक आम्लात १ टक्का कायटोसॅन, डीॲसिटिलेशन ८५ टक्के.

पद्धत: तीनदा बुडवणं, दरवेळी ५० अंशाच्या ओव्हनमध्ये अर्धा तास.

कोरड्या चकतीवर चिकटपट्टीची चाचणी पास होते. पण ३७ अंशाला फॉस्फेट सलाईनमध्ये ठेवली की तिसऱ्या दिवशी थर कडेने उचलतो आणि चौथ्या दिवशी अख्खी पापडी तरंगते. कायटोसॅनची टक्केवारी वाढवावी का? की बुडवायचं सोडून विजेने थर बसवावा?

भट्टी_भुसावळ

टक्केवारी अजिबात वाढवू नका, दुखणं उलट वाढेल. इथे तीन चुका एकात एक अडकल्या आहेत.

पहिली: आम्ल थरातच राहिलंय. ओव्हनमधून निघालेली फिल्म ही नुसतं कायटोसॅन नसून कायटोसॅनचं ॲसेटेट असते. ती पाण्यात गेली की आधी सपाटून फुगते. फुगणारा थर आणि न फुगणारा धातू, दोघांच्या सांध्यावर ताण येणारच. वाळवल्यावर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ५ ते १० मिनिटं बुडवा आणि धुण्याचं पाणी उदासीन येईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा.

दुसरी: तुमचा थर धातूला नुसता टेकलेला आहे, बांधलेला नाही. टायटॅनियमवर आपोआप बनणारा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचाच असतो. १२०० नंबरने घासलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर पॉलिमरला पकडायला काही नसतं. कोरड्यात हायड्रोजन बंध धरून ठेवतात, पाणी शिरलं की तेच बंध पाणी स्वतःकडे ओढून घेतं. म्हणून कोरड्या पट्टीच्या चाचणीवर विसंबू नका. ब्लेडने १ मि.मी.ची चौकट आखा, ७ दिवस सलाईनमध्ये ठेवा, टिपून घ्या आणि मग पट्टी लावा.

तिसरी: ५० अंश आणि अर्धा तास. फार घाई झाली.

खापरावरचे_मांडे

भट्टीभाऊंच्या तिसऱ्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. ज्यांनी घरी बिबडे वाळत घातलेत त्यांना हे लगेच कळेल. ज्वारीचं पीठ शिजवून कापडावर पातळ पसरलं आणि मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात ठेवलं, तर वरची बाजू आधी वाळते, खालची ओलीच असते. वरची आकसते, खालची आकसत नाही, मग कडा वर वळतात. जाड पसरलेला बिबडा जास्त वळतो आणि त्याला भेगाही पडतात. फिल्मचं गणित हेच आहे. उचलून धरणारी ऊर्जा जाडीच्या प्रमाणात वाढते: थर दुप्पट जाड, तर सुटण्याची ओढ दुप्पट.

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो आणि हवा अगदी कोरडी असते. त्या दिवसांत चकत्या टेबलावर उघड्या ठेवणं म्हणजे ओव्हनमध्ये ठेवण्यासारखंच. झाकणाच्या डब्यात पाण्याची वाटी ठेवून दमट हवेत २४ तास सावकाश वाळवा. मग ४० अंशाला दोन तास पुरे.

केळीबाग_रावेर

बिबड्यांचं उदाहरण मनात पक्कं बसलं! म्हणजे तीन थरांऐवजी एकच पातळ थर द्यावा?

खापरावरचे_मांडे

हो. हिशोब करा: १ टक्क्याच्या द्रावणाचा १०० मायक्रॉनचा ओला थर वाळून एक मायक्रॉनच्या आतबाहेर उरतो. तेवढा पुरतो. आणि द्रावण रात्रभर ढवळून, काचेच्या जाळीदार गाळणीतून गाळून, बुडबुडे बसेपर्यंत थांबून मगच वापरा. न विरघळलेला एक कण राहिला तरी थराची पहिली फट तिथेच पडते.

हाडाचा_डॉक्टर_धुळे

प्रयोगशाळेच्या बाहेरची बाजू मांडतो. चकतीवर टिकलेला थर स्क्रूवर टिकेलच असं नाही. स्क्रू हाडात शिरताना आट्यांच्या धारा कॉर्टिकल हाडाला, म्हणजे हाडाच्या बाहेरच्या टणक भागाला, घासत जातात. मऊ पॉलिमरचा ५-१० मायक्रॉनचा थर तिथे खरवडून ड्रिलच्या भोकाच्या तोंडाशीच गोळा होतो. ज्या भागासाठी थर दिला तोच भाग उघडा पडतो. तेव्हा चाचणीत ही पायरी घालाच: ठरलेल्या घनतेच्या पॉलियुरेथेन फोमच्या ठोकळ्यात किंवा कसायाकडून आणलेल्या ताज्या हाडात स्क्रू पिळून बसवा, उलटा काढा आणि आट्यांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही सांगतो. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारकडे, सिकल सेल या रक्ताच्या आजाराचं प्रमाण मोठं आहे. त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरुण वयात खुबा बदलायची वेळ येते. या रुग्णांत जंतुसंसर्ग आणि इम्प्लांट सैल होणं, दोन्हींचा धोका जास्त. तिशीतल्या माणसाच्या खुब्याला पुढची कितीतरी वर्षं काढायची असतात. हाड लवकर धरणारा आणि जंतूंना बसू न देणारा पृष्ठभाग मिळाला, तर सगळ्यात आधी त्यांना हवा आहे.

भट्टी_भुसावळ

डॉक्टरसाहेब, फार महत्त्वाचा मुद्दा. उपाय असा की पॉलिमर धातूच्या *वर* ठेवण्यापेक्षा धातूच्या *आत* मुरवायचा. दोन मार्ग आहेत.

(१) अल्कली: ५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे लिटरला २०० ग्रॅम, ६० अंश, २४ तास. पृष्ठभागावर सोडियम टायटॅनेटची बारीक जाळी तयार होते. बाटली पॉलिप्रॉपिलीनची घ्या. काचेच्या बाटलीत अल्कली काच खाते आणि सिलिकेट तुमच्या चकतीवर येऊन बसतं. नंतर कोमट डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुवा. जाळीत अल्कली उरली तर कायटोसॅन टेकताक्षणी गुठळ्या होऊन साकळतं, आत मुरत नाही.

(२) ॲनोडायझिंग: फ्लोराइडच्या द्रावणात २० व्होल्टला साधारण १०० नॅनोमीटर व्यासाच्या टायटॅनियम ऑक्साइडच्या नळ्या उगवतात. पकड उत्तम. पण त्या द्रावणातलं हायड्रोफ्लोरिक आम्ल हा खेळ नाही. ते अंगावर पडलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका. कातडीवर पडलेलं कधी कधी लगेच झोंबतसुद्धा नाही आणि आत हाडापर्यंत जातं.

मी पहिला मार्ग सुचवेन.

वीजतार

मूळ प्रश्नातला दुसरा भाग राहिलाच: विजेने थर बसवावा का? स्क्रूसाठी माझं उत्तर हो. बुडवून काढलेल्या स्क्रूमध्ये द्रव आट्यांच्या खोलगटात साचतो आणि टोकं उघडी पडतात. ईपीडीत, म्हणजे इलेक्ट्रोफोरेटिक डिपॉझिशनमध्ये, तुम्ही थराला पाहिजे तिथे ओढता.

प्रचलित प्रमाण: लिटरला ०.५ ग्रॅम कायटोसॅन. द्रावणात ७९ टक्के इथेनॉल, २० टक्के पाणी, १ टक्का ॲसेटिक आम्ल. आधी कायटोसॅन आम्ल-पाण्यात पूर्ण विरघळवा, मग ढवळत ढवळत इथेनॉल थेंबाथेंबाने सोडा. एकदम ओतलं तर पांढरे तंतू पडतात. स्क्रू कॅथोडला, म्हणजे ऋण टोकाला. दोन टोकांमधलं अंतर १० ते १५ मि.मी., १० ते २० व्होल्ट, १ ते ५ मिनिटं.

आत घडतं असं: कॅथोडवर पाणी फुटून हायड्रोजन निघतो आणि मागे हायड्रॉक्साइड राहतं. धातूला लागून असलेल्या पातळ पट्ट्यात पीएच चढतो. कायटोसॅनचा धनभार ६.३ ते ६.५च्या आसपास निवतो, तिथेच तो घट्ट होऊन बसतो. म्हणजे उदासीन करण्याचं बरंचसं काम बसतानाच होऊन जातं.

आता बिघडतं कुठे:

थर चाळणीसारखा भोकाभोकांचा आला तर तो हायड्रोजनच्या बुडबुड्यांचा ठसा. व्होल्ट कमी करा, इथेनॉल वाढवा किंवा सलग प्रवाहाऐवजी स्पंदित प्रवाह द्या.

आट्यांची टोकं जाड आणि खोलगट भाग पातळ आला तर विद्युतक्षेत्र टोकांवर एकवटतंय. समोर एक सपाट पट्टी लावण्याऐवजी स्क्रूभोवती गोल जाळीचा ॲनोड (धन टोक) लावा आणि स्क्रू बरोबर मधोमध टांगा.

थराला पिवळट-हिरवट झाक आली तर ॲनोड तपासा. स्वस्तात म्हणून स्टीलची पट्टी लावली की तिच्यातलं लोह, क्रोमियम, निकेल विरघळून द्रावणात उतरतं आणि तुमच्या 'जैवअनुकूल' थरात जाऊन बसतं. प्लॅटिनम किंवा प्लॅटिनम चढवलेलं टायटॅनियम वापरा.

आणि हो, ७९ टक्के इथेनॉल, उघडं भांडं, वीज आणि आपला उन्हाळा. भांडं झाकून, हवेशीर जागी, ठिणगी उडणार नाही अशा जोडणीने काम करा. दर तासाला इथेनॉल उडून प्रमाणही बदलतं, म्हणून द्रावण थोडंथोडं ताजं घ्यावं.

पेशीघर

वीजतार, उत्तम माहिती. एक भर: पेशींच्या चाचणीआधी त्याच लांबीचा एक *विनाथराचा* स्क्रू आणि एक *फक्त अल्कली केलेला* स्क्रू सोबत ठेवाच. फायदा अल्कलीचा आणि श्रेय कायटोसॅनला, असं फार वेळा होतं.

रेशीमगाठ

मी थोडं वेगळं मत मांडते. अल्कलीची जाळी टायटॅनियमपुरती ठीक. पण आपल्याकडच्या बहुतेक प्लेटा आणि सळया ३१६एल स्टीलच्या असतात, तिथे हा मार्ग चालत नाही. तिथे रासायनिक गाठच मारावी लागते. ॲमिनो-सिलेन घ्या, ११० अंशाला पक्कं करा, वर ग्लुटाराल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनाचा पूल आणि मग कायटोसॅन. पकड खरी तिथे येते.

भट्टी_भुसावळ

रेशीमगाठताई, स्टीलबद्दल सहमत, सिलेनबद्दल नाही. ॲमिनो-सिलेनची गाठ पाण्यात हळूहळू उकलते, कारण त्याचाच ॲमिनो गट ती उकलायला मदत करतो. पावसाळ्यात तर बाटली दोनदा उघडली की सिलेन आपसातच जुळून गढूळ होतं. वर ग्लुटाराल्डिहाइड उरलं तर पेशी मरतात. स्टीलवर पॉलिडोपामिन सोपं पडतं: १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५, मि.ली.ला २ मि.ग्रॅ. डोपामिन, उघड्या हवेत मंद ढवळत २४ तास. तपकिरी थर येतो, जास्तीत जास्त ५० नॅनोमीटरचा. २००७ साली ही युक्ती प्रसिद्ध झाली, शिंपल्याच्या चिकट प्रथिनावरून सुचलेली. कायटोसॅनचे ॲमिनो गट त्याला थेट जोडले जातात.

रेशीमगाठ

पॉलिडोपामिन मान्य, पण नमुना उभा टांगायला सांगायचं राहिलं. आडवा ठेवला तर द्रावणात बनलेले गोळे वरून त्याच्यावर बसतात आणि पुढचा थर त्या गोळ्यांसकट सुटतो. ग्लुटाराल्डिहाइडचंही एवढं भय नको: ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये तासभर ठेवलं की मोकळी टोकं बंद होतात. ज्यांना परवडेल त्यांनी जेनिपिन घ्यावं. ते महाग आहे, पण पेशींना कितीतरी सौम्य. थर निळा झाला म्हणजे जोडणी झाली, डोळ्यांनाच दिसतं.

सातपुडा_शहादा

भो, हाई बठ्ठं वाचीसन मजा उनी! एक साधा प्रश्न: मग हृदयातल्या स्टेंटलाही कायटोसॅन लावलं तर?

हाडाचा_डॉक्टर_धुळे

नको भाऊ, तिथे उलटा परिणाम होईल. कायटोसॅन रक्त गोठवतं. रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते त्यासाठीच घालतात: त्याचा धनभार तांबड्या पेशींना आणि प्लेटलेटना धरून ठेवतो. स्टेंटमध्ये गाठ म्हणजे झटका. रक्ताच्या जागी रक्त गोठू न देणारं हेपरिन, तेही एका टोकाने बांधलेलं, म्हणजे त्याचा काम करणारा भाग मोकळा राहतो.

'नैसर्गिक आहे म्हणजे सगळीकडे चांगलं' हे मुळात सोडून द्यायला हवं. जागा कोणती, तिथे कोणता द्रव लागतो, किती महिने टिकायला हवं, यावर पॉलिमर ठरतो. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेची हृदयाची झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवली गेली. तिचा सांगाडा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचा आणि तबकडी पॉलिथिलीनची. पॉलिमर तिथेही आहे, पण लेप म्हणून नाही, हलणारा भाग म्हणून.

पेशीघर

जंतूंबद्दलही असंच एक गृहीतक धरलं जातं, ते इथे सांगते. 'कायटोसॅन जंतू मारतं' हे आम्लात खरं आहे, कारण तिथे त्याच्यावर धनभार असतो. शरीराच्या ७.४ पीएचला तो भार बहुतेक निवलेला असतो. उदासीन केलेला थर जंतू फारसे मारत नाही, चिकटणं काहीसं कमी करतो एवढंच. ७.४ लाही मारक हवं असेल तर ट्रायमिथाइल कायटोसॅनसारखं कायमचा भार असलेलं रूप घ्यावं लागेल. पण भार वाढवला की आपल्या पेशींनाही तो टोचतो, तेव्हा मात्रा जपून.

चाचणी अगरच्या ताटलीवर नमुन्याभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजून करू नका. बांधलेलं कायटोसॅन अगरमध्ये पसरतच नाही, मग वर्तुळ येणार कुठून? आणि आलं तर ते उरलेल्या ॲसेटिक आम्लाचं असतं. पृष्ठभागावर ठरलेली जंतूसंख्या टाकून, २४ तासांनी धुऊन काढून वसाहती मोजा.

पेशींसाठी आयएसओ १०९९३-५ हे विषारीपणाच्या चाचणीचं प्रमाणक. जिवंतपणा ३० टक्क्यांहून जास्त घटला तर नमुना विषारी धरतात. अर्क काढताना थर स्वतःच माध्यम पितो, तेवढं माध्यम जास्तीचं घाला. पॉलिडोपामिन असेल तर एमटीटी चाचणीत (रंगावरून जिवंत पेशी मोजायच्या) पेशी न घालता एक नमुना चालवा. ते स्वतःच एमटीटीचा रंग बदलू शकतं आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.

केळीबाग_रावेर

पेशीघरताई, हे फार मोलाचं. मनात असलेला आणखी एक प्रश्न: कायटोसॅनवर उलट भाराचा थर द्यायचा झाला तर केळीच्या सालीतलं पेक्टिन चालेल का? आपल्या रावेर-यावलला त्याला तोटा नाही.

रेशीमगाठ

कल्पना योग्य आहे. पेक्टिनवर ऋणभार, कायटोसॅनवर धनभार. एकाआड एक बुडवून, मध्ये धुऊन, ५-१० जोड्या बसवता येतात. अल्जिनेट आणि हायल्युरोनिक आम्लाचं असंच करतात. पण सालीतून काढलेलं पेक्टिन थेट इम्प्लांटवर नको. त्यात टॅनिन, प्रथिनं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जंतूंचं एंडोटॉक्सिन. ते ऑटोक्लेव्हनेही जात नाही. संपूर्ण उपकरणाला साधारण २० एंडोटॉक्सिन युनिटची मर्यादा असते आणि तोडलेल्या सालीवर जंतू तासाभरात वाढतात. शिवाय बागेगणिक, पिकण्याच्या दिवसागणिक पेक्टिन बदलतं. आधी शुद्ध, प्रमाणित पेक्टिनवर पद्धत बसवा. केळीचं पेक्टिन हा वेगळा, स्वतंत्र प्रकल्प करण्याजोगा विषय आहे आणि तो कुणीतरी इथे करायलाच हवा.

हीच काळजी कायटोसॅनचीही घ्या. ते कोळंबी-खेकड्याच्या कवचातून येतं. प्रथिन नीट काढलेलं नसेल तर कवचाच्या ॲलर्जीवाल्यांना धोका. पुरवठादाराकडून राख, प्रथिन आणि जड धातूंचा दाखला मागून घ्या.

विहीर_चोपडा

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे: पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यात अल्जिनेट विरघळवलं की कॅल्शियममुळे जागच्या जागी गाठी होतात. भांडी बोअरच्या पाण्याने विसळली तरी कडेला जेल धरतं. बॅटरीचं 'डिस्टिल्ड' पाणीही नको. शेवटची विसळणी नेहमी दुहेरी डिस्टिल्ड पाण्याने.

वीजतार

विहीरभाऊ, अगदी बरोबर. फॉस्फेट सलाईनही त्याच पाण्यात बनवलं तर पांढरा कॅल्शियम फॉस्फेट बसतो आणि लोक आनंदाने 'हाडाचा खनिज थर आला' म्हणून फोटो काढतात.

मॅग्नेशियम_मित्र

कुणी मॅग्नेशियमच्या विरघळणाऱ्या स्क्रूवर करणार असेल तर: ॲसेटिक आम्लातलं कायटोसॅन थेट लावू नका. आम्ल मॅग्नेशियम खातं, हायड्रोजन निघतो, थराखाली फोड येतात. आधी ऑक्साइडचा अडसर चढवा.

हाडाचा_डॉक्टर_धुळे

निर्जंतुकीकरणावर कुणीच बोललं नाही. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशाला कायटोसॅन पिवळं पडतं, थर ठिसूळ होतो. जिलेटिन-कोलॅजनचा तर प्रश्नच नाही. नेहमीच्या २५ किलोग्रे मात्रेच्या गॅमा किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, म्हणजे थर ठरल्यापेक्षा लवकर विरघळतो. इथिलीन ऑक्साइड चालतं, पण उरलेला वायू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो आणि तो मोजावाही लागतो. ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, बीजाणू त्यात मरत नाहीत. निर्जंतुक केल्यानंतरच्याच नमुन्यावर पकड आणि पेशी, दोन्ही चाचण्या करा.

पुढे उत्पादनाचा विचार असेल तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आत्ताच वाचून ठेवा, ते १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यात धोक्याच्या चढत्या क्रमाने ए ते डी वर्ग आहेत; हाडाचा साधा स्क्रू वर्ग सी मध्ये येतो. त्यावर शरीरात विरघळणारा किंवा औषध सोडणारा थर आला की वर्ग डी चा प्रश्न उभा राहतो. दोन्हींचा परवाना केंद्राकडून.

केळीबाग_रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता क्रम असा ठरवते, चुकलं तर सांगा:

५ मोलर अल्कली, ६० अंश, २४ तास, पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत. कोमट पाण्याने धुणं. गोल प्लॅटिनम जाळी, १० व्होल्ट, २ मिनिटं. लगेच ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, मग धुणं. झाकलेल्या दमट डब्यात २४ तास, नंतर ४० अंशाला २ तास. इथिलीन ऑक्साइड. मग ७ दिवस सलाईन, ओली पट्टी-चाचणी, फोमच्या ठोकळ्यात पिळून पाहणं. सोबत विनाथराचा आणि फक्त अल्कलीचा स्क्रू.

वीजतार

एकच दुरुस्ती. विजेने बसलेला थर ताजा असताना जेलसारखा लिबलिबीत असतो. लगेच सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकलात तर आट्यांवरून घसरतो. वीज चालू असतानाच स्क्रू सावकाश वर उचला, तासभर दमट हवेत टांगून थोडा आवळू द्या, मगच अल्कलीत. आणि स्क्रू डोक्याकडून चिमट्यात धरा. चिमट्याची जागा उघडीच राहते, ती हाडात जाणाऱ्या भागावर नको.

भट्टी_भुसावळ

+१. आणि चिमटाही टायटॅनियमचाच घ्या. द्रावणात बुडालेला स्टीलचा चिमटा वीज बंद होताच टायटॅनियमशी जोडी जमवून गंजायला लागतो.